बुधवारच्या मावशी

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि माझं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मी शोकेसच्या काचेत पाहत होते. स्वयंपाकघराच्या दारातून ती काच बरोबर समोर यायची आणि तिच्यात आमची सगळी बाहेरची खोली दिसायची. दिवाण, दिवाणावर निजलेली माझी जेरुशा, आणि तिच्या शेजारी पाय खाली सोडून बसलेल्या तबीथामावशी. मावशींच्या मांडीवर बायबल होतं. त्यांचं नव्हे, त्यांचं त्यांच्या पिशवीत होतं. मांडीवर होतं ते आमचं, लग्नात मिळालेलं, काळ्या पुठ्ठ्याचं.

त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी कामात आहे असं वाटावं म्हणून मी उगाच कपबश्या वाजवल्या. मग त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. वाचणारं माणूस उलटतं तशी नव्हे. पोस्टातला माणूस टपालाचा गठ्ठा चाळतो तशी, अंगठ्यानं भराभर. मध्येच एका ठिकाणी थांबल्या, चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकल्या आणि पानावर बोट ठेवलं.

तेवढ्यात दूध उतू गेलं.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा बायबल टीपॉयवर होतं, त्यातली तांबडी फीत जिथल्या तिथं होती, आणि मावशी जेरुशाच्या पायावरची माशी पदरानं हाकत होत्या.

"दूध उतू गेलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो. लक्ष नव्हतं."

"होतं असं. बाळंतपणानंतर वर्षभर लक्ष ठिकाणावर नसतं."

बोलणं साधंच होतं. पण त्या दिवसांत मला त्यांचं कुठलंच बोलणं साधं वाटत नव्हतं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. जेरुशा तेव्हा पाच महिन्यांची होती. आमचं गाव तालुक्याचं, जालन्यापासून तासाभरावर; माझा नवरा आशेर तिथल्या एका बियाण्यांच्या कंपनीत जातो. चर्चची मंडळी लहान, चाळीस-बेचाळीस घरं, बहुतेक चर्चच्या मागच्याच गल्लीत. रेव्हरंड उमाप पाळक म्हणून नवीन आले होते. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी उपासना संपता संपता ते म्हणाले की आठवड्याचे दिवस सात, आणि आपण ख्रिस्ती असतो एकच दिवस, तोही साडेअकरापर्यंत. लोक हसले. हसून झाल्यावर त्यांनी दानाची मखमली पिशवी मागवली. तिच्यात सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या होत्या. ज्याला जी चिठ्ठी येईल त्यानं दर बुधवारी त्या घरी जायचं, शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, दहा ओव्या वाचायच्या, आठवडा कसा गेला ते विचारायचं, प्रार्थना करायची आणि उठायचं. पाळकांना येऊन काहीही सांगायचं नाही, आणि चिठ्ठी बदलायची नाही.

ओहोळकाकूंना नेमकी त्यांच्या व्याह्यांची चिठ्ठी निघाली. त्या घरी तीन वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी मुकाट्यानं परत पिशवीत टाकायचा प्रयत्न केला, तर पाळकसाहेब म्हणाले, काकू, तुम्हांला हीच निघायला हवी होती. तेव्हापासून दर बुधवारी आमच्या गल्लीत मोठी गंमत असायची. काखेत बायबल मारून हे त्यांच्याकडे, ते ह्यांच्याकडे, आणि प्रत्येक घरात चहाचं आधण. माझं मूल अंगावरचं म्हणून मला जाण्यातून सूट होती. येणाऱ्यांपासून मात्र नव्हती.

आमच्याकडे आल्या तबीथामावशी. तबीथा पारधे, साठी ओलांडलेल्या, एकट्या, गावातल्या मिशन दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं आया होत्या. दुपारी तीनला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर त्यांच्या चपला वाजायच्या. आणि अडीच वाजता मी बायबलावरची धूळ पुसून, फीत दहा पानं पुढं सरकवून ठेवलेली असायची.

कारण मी शास्त्र वाचत नव्हते. प्रार्थनाही करत नव्हते. दोन वर्षं झाली होती.

जेरुशाच्या आधी आम्हांला एक मुलगा झाला होता. दोन तासही राहिला नाही. मी भुलीतून बाहेर आले तेव्हा त्याला पुरूनही आले होते. मी त्याला पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंनी घरात सगळ्यांना ताकीद दिली होती की हिच्यासमोर बाळाचा विषय काढायचा नाही, आणि सगळ्यांनी ती इतकी चोख पाळली की महिन्याभरात मलाच वाटायला लागलं, आपण पोटाचं काही ऑपरेशन करून घेऊन आलो. त्याला नाव नव्हतं, फोटो नव्हता. आशेर त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मी रविवारी चर्चला जायचे, सगळ्यांबरोबर उठायचे, बसायचे, ओठ हलवायचे. आत काही नव्हतं. आणि हे कुणालाही कळू नये यासाठी मी जेवढी काळजी घ्यायचे, तेवढी आधी कधी प्रार्थनेसाठीही घेतली नसेल.

आता जेरुशाचा बाप्तिस्मा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ठरला होता. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक आईबापांना भर मंडळीत विचारतात, तुमचा विश्वास आहे का, या मुलाला त्यात वाढवाल का. तेव्हा हो म्हणावं लागतं. आशेर म्हणाला असता. माझ्या तोंडून ते निघेल की नाही, हे मला माहीत नव्हतं. आणि निघण्याआधीच कुणी जाऊन पाळकसाहेबांना सांगितलं की या बाईचं सगळं नाटक आहे, तर? तर ते म्हणाले असते, थांबू या थोडं. माझ्या मुलीला थांबावं लागलं असतं, माझ्यामुळं. सासूबाई शेवगावहून येऊन काय बोलल्या असत्या ते मला पाठ होतं.

म्हणून मला मावशींची भीती वाटायची. भीतीचा संशय व्हायला वेळ लागत नाही.

पहिल्याच बुधवारी त्यांनी जेरुशाला घेतलं ते वेगळंच. बायका बाळ घेतात आणि गाल ओढतात, पाय बघतात, रंग कुणाचा ते ठरवतात. मावशींनी तिला उजेडाकडे धरलं आणि तिच्या कपाळाकडे बघत राहिल्या. मग अंगठ्यानं दोन भुवयांच्या मधली जागा हलकेच पुसली. तिथं काहीही नव्हतं.

दुसऱ्या बुधवारी त्यांनी वाचला विधवेच्या मुलाचा भाग, ज्याची तिरडी गावाच्या वेशीवर येशूनं थांबवली तो. तिसऱ्या बुधवारी दाविदाचं तान्हं मूल गेलं तो. चौथ्या बुधवारी, लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या. पाळकसाहेबांनी सगळ्यांना वाचायचे भाग छापून दिले होते. आशेरच्या कागदावर त्या आठवड्यांत डोंगरावरचं प्रवचन चालू होतं. म्हणजे या बाई माझ्यासाठी निवडून आणत होत्या. वाचून झालं की चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या आणि काहीतरी विचारायला तोंड उघडायच्या.

"पहिल्या वेळेला तू..." एकदा त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "मावशी, साखर कमी झालीय का चहात?"

त्यांनी कप तोंडाला लावला. साखर बरोबर आहे म्हणाल्या.

मी आशेरला सांगितलं. तो बूट काढत होता. तो म्हणाला, म्हातारी बाई आहे, एकटी राहते, बाळ बघायला मिळतं म्हणून येते. तू कशाला प्रत्येक गोष्टीचा एवढा कीस काढतेस. आशेरचं हे नेहमीचं. जेरुशाला दवाखान्यातून घरी आणलं त्या संध्याकाळी त्यानं बायबलाच्या मधल्या पानांवर तिचं नाव आणि जन्मतारीख लिहिली होती. जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्याच्या मध्ये घराण्याची नोंद करायची रेघांची पानं असतात ना, तिथं. मला म्हणाला, लिहिलं बरं का. मी बरं म्हणाले. उघडून पाहिलं नाही.

मग तो रविवार आला. पाळकसाहेब उपदेशात बोलता बोलता थांबले आणि अगदी सहज म्हणाले, "काही घरांत शास्त्रावर धूळ दिसत नाही. कारण ती बुधवारी अडीच वाजता पुसली जाते."

मंडळी हसली. माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं. अडीच. दोन नव्हे, पावणेतीन नव्हे. मी मान वळवून पाहिलं तर दुसऱ्या बाकावर तबीथामावशी पुढे बघत बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते मला जास्तच लागलं. सांगून आलेल्या माणसाला हसायला कशाला येईल?

त्याच आठवड्यात महिला मंडळाच्या बैठकीनंतर पाळकीणबाई रजनीताई माझ्याशी बोलत उभ्या राहिल्या. त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे बोर्डेताई वेळेवर येतात ना. मी म्हटलं, बोर्डेताई नाही, तबीथामावशी.

"अगं हो, विसरलेच," त्या म्हणाल्या. "तुमची चिठ्ठी बोर्डेताईंना निघाली होती. मावशींनी मागून घेतली. पाळकसाहेब नाही म्हणत होते, एकाला बदलून दिली की सगळे रांग लावतील. पण मावशी हटूनच बसल्या. म्हणाल्या, मला तेच घर पाहिजे."

मला तेच घर पाहिजे. मी ते वाक्य घरी घेऊन आले. भाकरी थापताना, लंगोट वाळत घालताना, जेरुशाला पाजताना ते माझ्या डोक्यात फिरत होतं. मंडळीत बेचाळीस घरं. आजारी माणसं आहेत, म्हातारी आहेत, दारू पिणारी आहेत. त्यांना सोडून माझंच घर कशाला? सासूबाईंनी सांगून ठेवलं असेल का? सासूबाई आणि मावशी ओळखीच्या होत्या, एवढं मला माहीत होतं. आणि त्यानंतरच्या बुधवारी शोकेसच्या काचेत मी त्यांना माझं बायबल चाळताना पाहिलं.

दर आठवड्याला तेच. मी चहाला उठले की त्या बायबल घ्यायच्या, मधल्या कुठल्याशा पानावर जायच्या, वाकायच्या, बंद करायच्या. मला वाटलं, फीत किती पुढं सरकली ते बघतात. मग मी फीत दहाच्या ऐवजी पंधरा पानं सरकवायला लागले.  एकदा निघताना जिन्यावर थांबून म्हणाल्या, "वाचायची घाई करू नकोस हं." मी दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले.  

बाप्तिस्म्याचा अर्ज घरी आला. बाळाचं नाव, जन्मतारीख, आईबापांची नावं, धर्मपिता, धर्ममाता, आणि खाली एक रकाना: अपत्य कितवे. आशेरनं बाकी सगळं भरलं आणि तो रकाना तेवढा सोडला. मला म्हणाला, एवढं तू भर. मी पेन उघडलं. पहिलं लिहायचं म्हटलं की हात पुढं जाईना. दुसरं लिहायचं, तर पाळकसाहेब विचारणार, पहिल्याचा बाप्तिस्मा कधी झाला, नाव काय होतं. काय सांगणार होते मी? मी अर्ज तसाच घडी करून बायबलाखाली सरकवला.

अकराव्या बुधवारी, झावळ्यांच्या रविवारच्या चार दिवस आधी, मी चहा ठेवलाच नाही. गॅस पेटवला, रिकामं भांडं वर ठेवलं, चमचा वाजवला, आणि तशीच दाराआड उभी राहिले. काचेत मावशींनी बायबल घेतलं. मधलं पान उघडलं. मग त्यांनी पिशवीत हात घालून पेन काढलं.

मी बाहेर गेले.

"काय लिहिताय मावशी?"

त्यांनी दचकून वर पाहिलं. पेनाचं टोपण त्यांच्या तोंडात होतं, ते त्यांनी काढलं. "काही लिहिलं नाही अजून."

"माझ्या शास्त्रात?"

"हो."

एवढे महिने मी जपून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. मी त्यांना म्हणाले, जाऊन सांगा पाळकसाहेबांना, आत्ताच जा. ही अर्पणा खरात शास्त्र वाचत नाही. दोन वर्षं झाली, एक ओळ वाचलेली नाही. धूळ पुसते, फीत सरकवते. प्रार्थनेला डोळे मिटते आणि दुधाचा हिशेब करते. आणखी काय हवंय? सासूबाईंना पण सांगा. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा थांबवायचा असेल तर थांबवा, पण हे दर बुधवारी येऊन मेलेल्या मुलांच्या गोष्टी वाचून दाखवणं बंद करा.

जेरुशा झोपेत हुंकारली. मावशींनी न बघताच हात मागं नेऊन तिला थोपटलं. 

"फितीचं मला दुसऱ्याच बुधवारी कळलं," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला मोजून दहा पानं, मग मोजून पंधरा. माणूस असं वाचत नाही गं. कधी चार वाचतं, कधी एकाच पानावर महिनाभर अडतं. मी कुणाला काही बोलले नाही. मला पाळकसाहेबांना काही सांगायचं नव्हतं. सांगायचं होतं ते तुला. त्यासाठीच हे घर मागून घेतलं. अकरा बुधवार झाले. तू पाणी देतेस, चहा देतेस, आणि माझी जीभ उचलत नाही."

"काय सांगायचंय?"

"बस आधी."

मी बसले नाही.

"तुझा मुलगा माझ्या हातात गेला," मावशी म्हणाल्या.

मग मी बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी मला ऑपरेशनला घेतलं होतं आणि माझं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाई आणि सिस्टर दोघी माझ्याजवळ. आशेर रक्त आणायला जालन्याला गेलेला. सासूबाई शेवगावहून निघालेल्या, पण अजून वाटेतच. डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, करता येण्यासारखं सगळं केलं, आणि मावशींकडे देऊन म्हणाल्या, उबेत ठेवा. ते म्हणणं कशासाठी असतं ते तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला कळतं. मावशी खिडकीजवळच्या स्टुलावर त्याला घेऊन बसल्या.

"माझ्याजवळ तो पावणेदोन तास होता. शेवटी शेवटी मला दिसलं, आता राहत नाही. कपाटावर उकळून गार केलेलं पाणी होतं, पेल्यात. मी बोटं बुडवली आणि त्याच्या कपाळावर तीनदा लावली. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. आमच्या वेळच्या एका सिस्टरला करताना पाहिलं होतं मी. मूल जात असेल आणि पाळक जवळ नसेल तर कुणीही करू शकतं, असं ती म्हणायची. पण पुढं एका घरच्यांनी तक्रार केली, आणि आम्हांला हुकूम निघाला, आईबापांना विचारल्याशिवाय कुणी असलं काही करायचं नाही. आता मी कुणाला विचारणार होते? तू आत होतीस."

"मग नंतर का नाही सांगितलंत?"

"त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. पाळकांनाही. रजिस्टरात लिहावं लागतं ते. माझी नोकरीची दोन वर्षं राहिली होती, मी भ्याले. तरी तिसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून तुझ्या खाटेपाशी आले. तर तुझ्या सासूबाई म्हणाल्या, तिच्यासमोर बाळाचं नाव काढायचं नाही. मी बरं म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. सुटले असं वाटलं. पण सुटले नाही. जानेवारीत पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या काढल्या, बोर्डेबाईच्या चिठ्ठीवर खरात दिसलं, आणि मी म्हटलं आता जायचं."

"आणि बायबल कशाला बघत होतात?"

त्यांनी ते माझ्याकडे वळवलं. मधलं पान उघडंच होतं. जन्म, असा मथळा, त्याखाली रेघा. आशेरचं गोल अक्षर. जेरुशा आशेर खरात, आणि तारीख.

ते दुसऱ्या ओळीवर होतं. पहिली ओळ त्यानं कोरी सोडली होती.

मी त्या कोऱ्या ओळीकडे बघत राहिले. हा माणूस दोन वर्षं एक शब्द बोलला नव्हता. बूट काढता काढता मला म्हणायचा, कीस काढू नकोस.

"मी बघायला गेले होते, तुम्ही त्याला कुठं लिहिलंय का," मावशी म्हणाल्या. "ही ओळ दिसली. दर बुधवारी बघायची, कुणी काही लिहिलंय का. आज म्हटलं, रविवार जवळ आला, माझ्या तोंडातून तर निघत नाही, निदान इथं लिहून निघून जावं. पण हात चालेना. ते काही मी लिहायचं नाही."

"काय लिहिणार होतात?"

"नाव. नाव घेतल्याशिवाय बाप्तिस्मा कसा देणार? मी ठेवलं एक."

गॅसवरचं रिकामं भांडं करपल्याचा वास यायला लागला होता. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

"काय?"

"तीमथ्य."

मी म्हणाले, "मला हे नाव आवडत नाही."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. मावशी ओशाळल्या. म्हणाल्या, मलाही फारसं नाही आवडत. पण त्या आठवड्यात वॉर्डात सकाळच्या प्रार्थनेला तीमथ्याचं पत्र चालू होतं, तेवढंच तोंडात आलं. सुचायला वेळ कुठं होता. आणि मला हसू आलं. हसता हसताच मी रडायला लागले. दोन वर्षांत मी त्या मुलासाठी रडले नव्हते; ज्याला नाव नाही त्याच्यासाठी रडायचं कसं, हे मला जमलं नव्हतं. आता एक न आवडणारं नाव का होईना, पण होतं.

मावशी उठल्या, गॅस बंद करून आल्या, पुन्हा बसल्या.

मग आत्तापर्यंत कुणालाच विचारता आलं नव्हतं ते मी त्यांना विचारलं. तो कसा होता? रंग कुणाचा होता? केस होते का? रडला का? त्यांनी एकेक सांगितलं. केस पुष्कळ, मानेपर्यंत. रंग आशेरचा. रडला नाही, तेवढं बळ नव्हतं. डोळे उघडले नाहीत.

"पण पाणी लागलं तेव्हा त्याला ते गार लागलं," त्या म्हणाल्या. "कपाळ आक्रसलं त्यानं. रागावल्यासारखं. असं."

आणि त्यांनी आपल्या सुरकुतलेल्या कपाळाला दोन भुवयांच्या मधोमध एक आठी घालून दाखवली. मी म्हणाले, पुन्हा दाखवा. त्यांनी पुन्हा दाखवली.

संध्याकाळी आशेर आला तेव्हा बायबल टीपॉयवर उघडं होतं आणि पहिली ओळ भरलेली होती. तो बूट न काढताच उभा राहिला. त्यानं नाव वाचलं, तारीख वाचली, आणि हे कुठून आलं असं विचारण्याआधी खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याला सगळं सांगितलं. अर्जातल्या रकान्यात आम्ही दुसरं असं लिहिलं.

शनिवारी सकाळी आम्ही मावशींना घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो. मावशींनी धुवट पांढरी साडी नेसली होती आणि वाटेत मला दोनदा सांगितलं, त्यात काही चूक निघाली तर ती माझी, मुलाची नव्हे. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मावशींना म्हणाले, हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मावशी म्हणाल्या, हो. मग ते म्हणाले, पण बाप्तिस्मा पक्का आहे, आणि कपाटातून जुनं रजिस्टर काढून त्या वर्षाच्या पानावर दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात नोंद केली. बाप्तिस्मा देणारा, या रकान्यात त्यांनी तबीथा पारधे लिहिलं. मावशी ते वाचायला पुढं वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

जाता जाता मी पाळकसाहेबांना त्या धुळीच्या वाक्याबद्दल विचारलं. तुम्हांला कुणी सांगितलं होतं का माझ्याबद्दल?

रजनीताई आतून पाणी घेऊन येत होत्या, त्याच हसायला लागल्या. "तू आठवी. सात बायका येऊन भांडून गेल्या, आमच्याबद्दल कुणी सांगितलं म्हणून. अगं, ते यांनी आमच्याच घराबद्दल म्हटलं होतं. ओव्हाळकाका येतात ना आमच्याकडे, बुधवारी तीनला."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये झावळ्यांचा ओला हिरवा वास होता. मुलांनी त्या हलवून हलवून फरशीवर पात्या पाडल्या होत्या. सासूबाई पहिल्या बाकावर होत्या. आम्ही जेरुशाला घेऊन पुढं उभे राहिलो आणि पाळकसाहेबांनी विचारलं. आशेर हो म्हणाला. मग ते माझ्याकडे वळले आणि थांबले. त्यांना माझं सगळं माहीत होतं. शनिवारी मीच सांगितलं होतं, फितीसकट. त्यांनी घाई केली नाही.

मी हो म्हणाले. आवाज फार मोठा नव्हता, आणि तो हो पुरता भरलेलाही नव्हता. पण मी ओठ हलवत नव्हते. मी बोलले होते.

त्यांनी जेरुशाला हातात घेतलं, पात्रात बोटं बुडवली आणि तिचं नाव घेतलं. पाणी गार होतं. ती रडली नाही. तिनं दोन भुवयांच्या मधोमध एक आठी घातली, रागावल्यासारखी.

मी दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या.